पत्रिकेवर नाव कुणाचं

मजकूर पक्का झाल्याशिवाय मी डिझाइनला हात लावत नाही. हे वाक्य मी इतक्या लोकांना इतक्या वेळा ऐकवलंय की आता ते बोलताना मलाच कंटाळा येतो. समोरचा माणूस मान डोलावतो, अगदी बरोबर मॅडम म्हणतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याचा फोन येतो की तुम्ही डिझाइन तर सुरू करा, मजकुराचं काय, होईल मागाहून. अरे बाबा, मजकूर मागाहून होणार तर मी सजवू काय? नवरी ठरायच्या आधी मांडव घालायचा का?

मी मुलुंडला राहते. घरातल्याच एका खोलीत माझं काम चालतं. लोणच्याची लेबलं, औषधांची खोकी, दवाखान्यांची माहितीपत्रकं, कधी एखाद्या शाळेचा वार्षिक अंक. कामाच्या माझ्या काही सवयी आहेत आणि त्यांच्या बाबतीत मी खडूस आहे, हे मला चांगलं ठाऊक आहे. जे छापायचं ते खऱ्या मापात कागदावर काढून हातात धरून बघायचं, कारण स्क्रीनवर मेलं सगळंच सुंदर दिसतं. झालेलं काम एक रात्र तसंच ठेवून सकाळी ताज्या डोळ्यांनी बघायचं. फायलीच्या नावात 'फायनल' हा शब्द चुकूनसुद्धा घालायचा नाही. तो घातला की त्याच्यामागून 'फायनल नवीन', 'फायनल शेवटचं' आणि 'फायनल खरंच शेवटचं' अशी रांग लागलीच म्हणून समजा. बघणाऱ्याची नजर आधी कशावर पडली पाहिजे ते पहिल्याच दिवशी ठरवायचं, आणि ते ठरवणारा माणूस एकच असला पाहिजे. दहा जणांना विचारून केलेल्या डिझाइनमध्ये दहा जणांचं समाधान असतं आणि डिझाइन नसतं.

बाहेरच्यांना मी हे पटवू शकते. थोडा आवाज चढवावा लागतो, पण ऐकतात. घरच्यांपुढे मात्र मी साफ हात टेकले.

गेल्या वर्षी माझ्या भाचीचं लग्न ठरलं. माझ्या थोरल्या बहिणीची ही एकुलती एक मुलगी. ताई विक्रोळीला राहते, आमच्या आईवडिलांच्या जुन्या खोलीत. भाची बालवाडीत होती तेव्हा तिचे वडील बोरिवलीला आपल्या भावाकडे जाऊन येतो म्हणून गेले आणि तिकडेच राहिले. भांडण नाही, तंटा नाही, घटस्फोटाचे कागद नाहीत. माणूस याच मुंबईत, धडधाकट, आणि इतक्या वर्षांत मुलीचं तोंड बघायला आला नाही. आईवडील होते तोवर त्यांनी आधार दिला, पण पोरगी वाढवली ती ताईने, एका शाळेच्या ऑफिसात नोकरी करून. तिला फार्मसीला घातलं, शिकवलं, नोकरीला लावलं.

लग्न ठरल्यावर ताई माझ्याकडे आली ती चहासुद्धा न घेता थेट माझ्या कामाच्या खोलीत शिरली. समोरची खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "पत्रिका तू कर. निमंत्रक म्हणून नाव माझं. माझं एकटीचं. बाकी तुला काय फुलंबिलं घालायची ती घाल."

आयुष्यात मला इतकं स्वच्छ काम कुणी सांगितलं नव्हतं. हॉल कुठला, जेवणात काय, मुलाकडच्यांचा मानपान कसा, कशातच तिचा हट्ट नव्हता. हवं होतं ते एवढंच. ती म्हणाली की शाळेच्या दाखल्यावर, रेशनकार्डावर, कॉलेजच्या अर्जावर, सगळीकडे पोरीच्या नावापुढे त्याचंच नाव लागलं आणि तिने ते निमूट लागू दिलं, कारण सरकारी कागदाशी कोण भांडणार. पण हा कागद सरकारचा नाही, हा तिचा आहे. हे ती अगदी साध्या आवाजात म्हणाली. मी म्हटलं, ताई, तू बघच.

आणि मी झकास केली हो ती पत्रिका. कामाची स्तुती आपण करू नये, पण केलीच झकास. जरा जाडसर, किंचित पिवळट कागद. वर अगदी बारीक श्रीगणेशाय नमः. मध्ये दोघांची नावं. त्यांच्याखाली भरपूर मोकळी जागा, आणि त्या मोकळ्या जागेत शांतपणे ताईचं नाव. डोळे किलकिले करून बघितलं तरी दोन गोष्टी ठळक दिसायच्या, लग्न कुणाचं आणि बोलावतंय कोण. मी ती रात्रभर ठेवली, सकाळी पुन्हा बघितली, एक स्वल्पविराम काढला आणि खऱ्या मापात छापून विक्रोळीला घेऊन गेले.

तिथे मोठे काका बसलेले होते.

मोठे काका म्हणजे आमच्या वडिलांचे थोरले भाऊ. विक्रोळीच्याच एका कारखान्यात त्यांनी उभी हयात काढली, आता कांजूरमार्गला मुलाकडे असतात आणि अजूनही घरात मालवणीच बोलतात. वडील गेल्यावर आमच्या घरातली मोठी जागा त्यांचीच. ताई माहेरी परत आली तेव्हा चाळीत कुणी वाकडं बोललं की काका त्याच्या दारात जाऊन उभे राहायचे, म्हणून त्यांच्याबद्दल वाईट बोलायला माझी जीभ रेटत नाही. पण आमच्या भावकीतल्या प्रत्येक लग्नाच्या पत्रिकेवर निमंत्रक म्हणून सगळ्यात वर काकांचं नाव असतं. लग्न कुणाच्याही घरचं असो. आणि ती पत्रिका घाटकोपरला, आमच्याच गावच्या माणसाच्या प्रेसमध्ये छापली जाते. हा नियम कुणी केला, केव्हा केला, देव जाणे. तो मोडायचं कुणाच्या डोक्यातही येत नाही.

काम दाखवताना आपण बोलायचं नाही, ही माझी अजून एक सवय. समोरच्याच्या हातात द्यायचं आणि गप्प बसायचं. समजावून सांगावं लागलं तर कामात काहीतरी राहिलंय असं समजायचं. म्हणून मी गप्प बसले. काकांनी पत्रिका उलटी केली, सुलटी केली, लांब धरली. मग म्हणाले, "वरती रिकामा दिसता गो."

झालं. इथून माझ्या डोक्याला ताप सुरू झाला.

आमच्या लोकांना कागदावरची मोकळी जागा म्हणजे चाळीतली रिकामी खोली वाटते. गावाहून कुणीतरी येऊन तिथे राहायलाच पाहिजे. काका म्हणाले, वर कुलदैवताचं नाव घाल. ताई म्हणाली, घाल गं, देवाला कुठे नाही म्हणायचं. घातलं. मग मला न विचारता कुणीतरी पत्रिकेचा फोटो काढून भावकीच्या ग्रुपवर टाकला आणि सगळ्यांना कंठ फुटला. एकाला गणपती मोठा हवा. एकीला गुलाबी रंग हवा. एका वहिनीने दुसऱ्याच कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका पाठवली आणि खाली लिहिलं, असं काहीतरी कर ना. मग त्यांनी बोलावलंय त्याच लग्नाला जा ना, असं मी लिहिलं आणि पुसलं. ग्रामदैवत राहिलं, असं एकाने कळवलं. ग्रामदैवत आलं. मुलीच्या आजीआजोबांना कैलासवासी म्हणून स्थान पाहिजे, असं ठरलं. आईबाबांना मी नाही कशी म्हणणार? तेही आले. मग खाली रिकामं दिसायला लागलं, म्हणून तिथे 'आपले नम्र' आले आणि त्यांच्यामागून काका, चुलतभाऊ आणि त्यांचे मुलगे आले.

प्रत्येक वेळी मी ताईला फोन करायची. प्रत्येक वेळी ती थकलेल्या आवाजात म्हणायची की एवढं एक घाल, म्हणजे गप्प बसतील. गप्प कोण बसतंय? एकाचं घातलं की दुसऱ्याला आपलं आठवतं. मी जिला होकार देणारा एकच माणूस म्हणून धरून चालले होते, तीच रोज कुणापुढे तरी नमत होती. आणि मी चिडचिड करत, दात खात, तिच्या शब्दाखातर बदल करत होते.

एवढ्यावर भागलं असतं तरी मी सोसलं असतं. पण मग मूळ दुखणं वर आलं. ताईच्या नावाआधी काय लावायचं? 'सौ.' लावलं तर लोक म्हणणार, मग यजमान कुठायत? 'श्रीमती' लावलं तर आमच्याकडे धरूनच चालतात की नवरा गेला. ताई म्हणाली, काही लावू नकोस, नुसतं नाव ठेव. काका म्हणाले, उघडं दिसतं. त्याच पत्रिकेवर नवरामुलगा चिरंजीव, नवरी चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी, चुलतभाऊ श्री., वहिन्या सौ., आणि लग्न जिने उभं केलं तिच्या नावाला काहीच कसं नाही? शेवटी एका चुलतभावाने तोडगा सुचवला. वर, भाचीच्या नावाखाली, 'श्री. अमुक यांची कन्या' असं बारीक घालायचं. बारीकच गं, कुणाला दिसणारपण नाही, असं तो म्हणाला. दिसणार नाही तर घालायचं कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाला, तू ना प्रत्येक गोष्टीत वाद घालतेस.

ताईला विचारलं. कर तुला काय करायचं ते, म्हणाली. मला काय करायचंय? माझ्या मुलीचं लग्न आहे का?

मोठ्या कामात मी सगळ्या आवृत्त्या छापून भिंतीवर क्रमाने चिकटवते. आपण कुठून निघालो आणि कुठे आलो हे नुसत्या फायली उघडून कधीच कळत नाही. भाचीची पत्रिकाही मी तशीच लावत गेले होते, खिडकीपासून दारापर्यंत. एका रविवारी सकाळी ताई हळदीच्या साड्या दाखवायला माझ्याकडे आली आणि माझ्यामागून त्या खोलीत शिरली. साड्यांची पिशवी तिने खाली ठेवली आणि भिंतीजवळ उभी राहिली. पहिल्या पत्रिकेपासून ती हळूहळू पुढे सरकायला लागली. पहिल्यावर तिचं नाव चार पावलांवरून दिसत होतं. पुढे देव वाढत गेले, माणसं वाढत गेली आणि ती खाली खाली सरकत कोपऱ्यात गेली. शेवटच्या कागदापाशी तिने पर्समधून चष्मा काढला, अगदी वाकून शोधलं आणि बोट ठेवलं.

"मी इथे आहे होय," ती म्हणाली.

मग ती खुर्चीत बसली आणि रडायला लागली. आवाज न करता. बोरिवलीचा माणूस गेला तेव्हासुद्धा मी तिला असं रडताना बघितलं नव्हतं, किंवा ती माझ्यासमोर रडली नसेल. मला तिची कणव आली आणि त्याच वेळी भावकीचा संताप आला. मी उठले आणि पहिली सोडून सगळ्या पत्रिका भिंतीवरून ओढून काढल्या. चिकटपट्टीबरोबर रंगाचे पोपडेसुद्धा निघाले. ते अजून तसेच आहेत.

दुसऱ्या दिवशी मी पहिल्या पत्रिकेची नवी प्रत छापून कांजूरमार्गला काकांकडे गेले.

लोगो मोठा करा, असं गिऱ्हाईक म्हणतं तेव्हा तो मुकाट्याने मोठा करायचा नसतो आणि भांडायचंही नसतं. त्याला नक्की काय खुपतंय ते विचारायचं असतं. बहुतेक वेळा दुखणं लोगोत नसतंच. हे मी शहाण्यासारखं शिकलेय, नवीन मुलींना शिकवतेसुद्धा. तर ठरवून, आवाज खाली ठेवून मी काकांना विचारलं की काका, तुम्हाला या पत्रिकेत खरं काय खुपतंय? रिकामी जागा सोडा. खरं सांगा.

 काका म्हणाले, त्याचं नाव नसलं तर लोक म्हणतील तो मेला. मी म्हटलं, म्हणू देत, मेलाच आहे तो आपल्याला. तेव्हा काका एकदम माझ्याकडे वळले.

"मेलो नाय. चेडवाक बापूस आसा. कागदावर तरी दिसाक व्हयो ना?"

भांडायचं नसतं वगैरे सगळं तिथेच संपलं. मी म्हटलं, "पोरीचा बाप कागदावरच आहे काका. दुसरीकडे कुठे कधी दिसलाय का?" आणि एकदा तोंड उघडल्यावर मी काहीच शिल्लक ठेवलं नाही. पोरीला टायफॉइड झाला तेव्हा कुठे होता, बारावीला होती तेव्हा कुठे होता, तुम्ही स्वतः तिला शाळेत सोडायला जायचात तेव्हा कुठे होता, सगळं बोलले. आतून काकी येऊन दारात उभी राहिली आणि परत गेली. काका खाली मान घालून ऐकत होते. माझं झाल्यावर त्यांनी हात पुढे केला आणि ती पत्रिका मागितली. मी दिली. त्यांनी ती चक्क चार घड्या घालून सदऱ्याच्या खिशात कोंबली. माझ्या त्या जाड, पिवळट, गुळगुळीत कागदाला चार घड्या! मी कळवळले. मी बघतंय काय ता, एवढंच ते म्हणाले.

काय बघतंय, कुठे बघतंय, काही सांगितलं नाही. मी घरी येऊन घाटकोपरच्या प्रेसला पहिली पत्रिका पाठवून दिली. सगळी अक्षरं चित्रासारखी बंदिस्त केली, म्हणजे त्यांच्याकडे फॉन्ट नाही ही सबब नको. सोबत लिहिलं की यातलं काहीही हलवायचं नाही, छापण्याआधी एक नमुना मला दाखवायचा. ऑपरेटरचं उत्तर आलं, हो मॅडम. ते 'हो मॅडम' मी ओळखते. त्यानंतर प्रेसवाला फोन उचलेना. काका फोन उचलेनात. जाऊन बघावं तर नेमका एका औषध कंपनीने माझा जीव खाल्ला होता. ग्रुपवरही अचानक चिडीचूप झालं आणि त्या शांततेची मला जास्त धास्ती वाटायला लागली. आता काका 'श्री. अमुक यांची कन्या' घालून घेणार आणि सगळी पत्रिका छापून झाल्यावरच आम्हाला कळणार, हे मी गृहीत धरलं. ताईला तसं सांगितलं नाही. तिला ते माझ्याआधीच वाटलं होतं, हे नंतर कळलं.

त्या आठवड्यातच एका दुपारी ताईचा फोन आला. काका गठ्ठे घेऊन आलेत, म्हणाली. लगेच ये.

मी रिक्षाने विक्रोळीला पोचले तर काका कॉटवर बसून पाणी पीत होते. पुढ्यात तपकिरी कागदात बांधलेले गठ्ठे. ताईने अजून सुतळी सोडली नव्हती. भिंतीला टेकून नुसती उभी होती. मीच एक गठ्ठा फाडला, वरची पत्रिका काढली आणि माझे डोळे पांढरे झाले.

ती माझी पत्रिका नव्हती. तिच्याशी माझ्या पत्रिकेचं दूरचंही नातं नव्हतं. चकचकीत लाल कागद. वर गणपती, दोन्ही बाजूंना मोर, मोरांच्या खाली केळीचे खुंट, आणि जिथे म्हणून बोटभर जागा उरली तिथे कलश. चार प्रकारची अक्षरं. चार! आणि खालच्या अर्ध्या भागात काहीतरी भलंमोठं सोनेरी, जाडजूड, वर त्याला काळी सावली दिलेली. मी वाचलंसुद्धा नाही. मी सरळ काकांवर घसरले.

"काका, ही पत्रिका आहे की बँडवाल्याची गाडी? मी पाठवलेलं कुणी उघडून तरी बघितलं का तिथे? आम्ही काय म्हणून इतके दिवस रक्त आटवलं?"

 ताईने माझ्या हातातून पत्रिका घेतली. तिने चष्मा लावला नाही, तशी गरजच नव्हती. वाचता वाचता तिचा हात तोंडाशी गेला. मग मी तिच्या खांद्यावरून बघितलं. ते भलंमोठं सोनेरी म्हणजे तिचं नाव होतं. नवरानवरीपेक्षा मोठं. गणपतीपेक्षाही मोठं म्हटलं तरी चालेल. नावाआधी सौ. नाही, श्रीमती नाही. वर 'निमंत्रक' आणि खाली ती. मी घाईघाईने कागदभर नजर फिरवली. बोरिवलीचं नाव कुठेच नव्हतं. चुलतभाऊ नव्हते, आपले नम्र नव्हते.

मी विचारलं, काका, हे काय?

तेव्हा त्यांनी सांगितलं, तेही पेला खाली ठेवून, जमिनीकडे बघत. माझ्याशी बोलणं झालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी ते बोरिवलीला गेले होते. त्या माणसाला समोर बसवून विचारायचं, लग्नाला येशील का, कन्यादानाला बसशील का, येणार असशील तर तुझं नाव घालतो आणि पोरींच्या शिव्या मी खातो, असं मनाशी ठरवून गेले होते. घरात घेतलं त्याने. बसवलं. चहा दिला. काकांनी खिशातून ती घड्या पडलेली पत्रिका काढून त्याच्या हातात ठेवली.  

"सगळी वाचल्यान," ते म्हणाले. "परत माझ्या हातीत दिल्यान. आणि विचारल्यान, ह्या माका कशाक दाखवतास?"

 बाहेर चाळीतल्या कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. काका चहा तसाच टाकून उठले होते आणि तिथून थेट घाटकोपरला प्रेसमध्ये गेले होते. ऑपरेटरच्या शेजारी स्टूल घेऊन बसले. माझी फाइल त्याने उघडली होती, म्हणे, पण काकांना त्यातलं ताईचं नाव पुरेसं मोठं वाटेना. मोठं कर म्हणाले. त्याने केलं. अजून कर म्हणाले. फाइलमध्ये होईना, तेव्हा त्या शहाण्याने आपली जुनी लाल पत्रिका उघडली आणि काकांना हवं तेवढं मोठं करून दिलं. सोनेरी आणि सावली ही त्याची स्वतःची भर. मोरांबद्दल काकांना काहीच माहीत नव्हतं, ते मी निघाल्यावर आले असतील, म्हणाले.

मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं आणि खरं सांगायचं तर त्या अक्षरांचा रागही येत होता, अजून येतो. पुन्हा छापून घ्यावी असं एकदा माझ्या ओठांवर आलं. ताईचा चेहरा बघितला आणि मी ते गिळलं.

ती पत्रिका वरून खाली पुन्हा वाचत होती. आमच्या भावकीच्या पत्रिकेत जे सगळ्यात आधी शोधायची सवय आहे ते ती शोधत होती आणि तिला ते सापडत नव्हतं.

"काका, तुमचं नाव कुठाय?"

काकांनी खांदे उडवले. "माझा घातला असता तर तुझा बारीक करूक लागला असता."

ताई आत गेली. कुंकवाचा करंडा आणि वाटीत अक्षता घेऊन आली. एका पत्रिकेच्या चारही कोपऱ्यांना तिने कुंकू लावलं, अक्षता ठेवल्या आणि ती देव्हाऱ्यात गणपतीपुढे ठेवली. मग दुसरी घेतली, तिलाही तसंच कुंकू लावलं आणि काकांसमोर जाऊन उभी राहिली. काकांनी आजवर सगळ्या भावकीच्या पत्रिका दारोदार वाटल्या होत्या, पण त्यांना कधी कुणी पत्रिका दिली नव्हती. ज्याचं नाव पत्रिकेवर असतं त्याला कोण देणार? ताई वाकून त्यांच्या पाया पडली आणि म्हणाली, "काका, माझ्या मुलीचं लग्न आहे. सगळ्यांनी यायचं."

काका गडबडून उभे राहिले. त्यांनी पत्रिका दोन्ही हातांनी घेतली आणि या वेळी तिला घडी घातली नाही. पत्रिका घेणारा काय बोलतो ते त्यांना ठाऊकच नव्हतं. मग त्यांनी घसा साफ केला आणि पाहुणे विचारतात तसं विचारलं, "येतंय गो बाय. मुहूर्त कितीचो?"

भटजींकडे जाऊन मुहूर्त त्यांनीच काढून आणला होता. ताईने त्यांना तो नीट सांगितला, हॉलचा पत्ता सांगितला आणि जेवूनच जायचं असंही सांगितलं.